टिचकी गप्प बसेना

मातीची होती भिंत. भिंतीला होतं बीळ. बिळात होतं उंदरांचं घर. आई एक, पिल्लं पाच. पाचांत सगळ्यांत धाकटी कोण? टिचकी.

टिचकी केवढी? अंगठ्याएवढी. शेपूट केवढं? दोऱ्याएवढं. आणि हट्ट? हट्ट मात्र भोपळ्याएवढा.

एका सकाळी आईने रानातून शेंगदाणे आणले. तोंडात धरून, एक एक करून आणले. बिळाच्या दाराशी कोवळं ऊन पडलं होतं. उन्हात तिने दाणे ओळीने मांडले. एक, दोन, तीन, चार, पाच.

पिल्लं पाच. दाणे पाच. प्रत्येकाला एक.

पण आईची रीत होती. आधी खेळ, मग खाऊ.

खेळ असा. सगळ्यांनी डोळे मिटायचे. एकाने एक दाणा उचलायचा. उचलून शेपटाखाली लपवायचा. मग म्हणायचं, उघडा डोळे. सांगा किती गेले? सांगा किती उरले?

पिल्लं मोजायची. चार दिसायचे. पिल्लं सांगायची, एक गेला, चार उरले. मग लपवणारा शेपूट वर करायचा. दाणा तिथेच असायचा. पिल्लं हसायची. खी खी खी.

त्या दिवशी लपवायची पाळी होती टिचकीची. पहिल्यांदाच. टिचकीला वाटलं, आज आपण मोठ्या झालो.

भावंडांनी डोळे मिटले. आईनेही मिटले. टिचकीने एक दाणा उचलला. दोन्ही पंजांत घट्ट धरला. आता शेपटाखाली ठेवणार, इतक्यात काय झालं?

फड फड फड.

वरून आला कावळा. चोच मारली. खप्प. दाणा उचलला. भुर्रर्र गेला.

टिचकीचे पंजे रिकामे. ती वर बघत राहिली.

सगळ्यांनी डोळे उघडले. मोजलं. एक, दोन, तीन, चार. एक गेला, चार उरले. टिचकी, आता शेपूट वर कर.

टिचकीने शेपूट वर केलं.

शेपटाखाली काही नव्हतं.

भावंडं हसली. खी खी. मग हसू थांबलं. टिचकीने सगळं सांगितलं. कावळा आला, चोच मारली, दाणा नेला.

थोरला भाऊ म्हणाला, "तुझ्या हातून गेला. मग तुझाच गेला. चार उरले ते आमचे चौघांचे."

आईला ते पटलं नाही. आई म्हणाली, आपण चार दाणे फोडू. सगळ्यांना थोडं थोडं देऊ. सगळ्यांना थोडं थोडं कमी पडेल, एवढंच.

टिचकीने मान हलवली. नाही म्हणजे नाही. तिला उपाशी राहायचं नव्हतं. आणि तिच्यापायी कुणाचं कमी झालेलंही तिला नको होतं. तिला तो गेलेला दाणा हवा होता. तोच.

तुमचा हात पुढे करा बघू. पाच बोटं उघडा. आता एक मिटा. कावळ्याने नेलं. किती उरली? चार. चारच उघडी ठेवा हं. आपल्याला लागणार आहेत.

टिचकीने वर पाहिलं. अंगणात होता शेवगा. शेवग्याच्या शेंड्यावर होता कावळा. कावळ्याच्या पायाखाली होता दाणा. कावळ्याचं पोट भरलेलं होतं. दाणा त्याने दुपारसाठी ठेवला होता.

टिचकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"कावळ्या कावळ्या, दाणा दे."

कावळ्याने खाली बघितलं. त्याला आधी कुणी दिसलंच नाही. मग दिसलं एक शेपूट. मग दिसली टिचकी.

कावळा म्हणाला, "पाचातून एक गेला. चार उरले. एवढासा जीव तुझा. चार पुष्कळ झाले. हा मी दुपारी खाणार."

टिचकी म्हणाली, "जीव एवढासा, पण दाणा माझा."

कावळ्याने मान फिरवली. काव काव. टिचकीने दोनदा हाक मारली. कावळ्याने काही बघितलं नाही.

टिचकी रडली का? नाही. टिचकी घरी गेली का? नाही. तिने शेपूट जमिनीवर आपटलं. सट् सट्. आणि ती शेवग्याच्या बुंध्याशी गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"शेवग्या शेवग्या, फांदी हलव.
कावळा दाणा देईना,
आणि टिचकी गप्प बसेना."

शेवगा उंच. शेवगा बारीक. शेवग्याला शेंगा लागल्या होत्या लांब लांब. किती? चार.

शेवगा म्हणाला, "माझ्या शेंगा चार. हललो तर एक पडेल. तीन उरतील. मी नाही हलणार. एवढासा जीव तुझा. घरी जा."

टिचकी म्हणाली, "जीव एवढासा, पण दाणा माझा."

ती बुंध्याला धडकली. धप्प. शेवगा हलला नाही. ती पुन्हा धडकली. धप्प. शेवगा हलला नाही. टिचकीचं नाक मात्र लाल झालं.

तिचं नाक बघून शेवगा थोडा वाकला. म्हणाला, पाऊस जाऊन किती दिवस झाले. माझी मुळं सुकली. शेंगांचे देठ सुकले. मुळाशी घागरभर पाणी पडू दे, मग बघू.

आपल्याकडे बोटं किती उघडी? चार. शेवग्याची भीती म्हणून एक मिटा. किती उरली? तीन.

टिचकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. अंगण ओलांडलं, वाट ओलांडली, आडापाशी पोचली. आड म्हणजे विहीर, पण छोटी. आडाच्या काठावर बसली होती येसूकाकी. काकीच्या शेजारी घागर. घागर पाण्याने काठोकाठ भरलेली.

"काकी काकी, घागर उचल.
कावळा दाणा देईना,
शेवगा फांदी हलवीना,
आणि टिचकी गप्प बसेना."

येसूकाकीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग पायाशी पाहिलं. पदराने तोंड पुसलं आणि हात पुढे केला. हातात हिरव्या बांगड्या. काचेच्या. किती? तीन.

काकी म्हणाली, "माझ्या बांगड्या तीन. घागर कमरेवर घेतली की बांगड्यांवर आपटते. एक पिचेल. दोन उरतील. मी नाही उचलणार. एवढासा जीव तुझा. एका दाण्याचं काय घेऊन बसलीस, बाई?"

टिचकी म्हणाली, "जीव एवढासा, पण दाणा माझा."

मग तिने विचारलं, घागर डोक्यावर का नाही घेत? काकी हसली. डोक्यावर घ्यायला चुंबळ लागते. चुंबळ म्हणजे पेंढ्याची गोल गुंडाळी. ती डोक्यावर ठेवायची, तिच्यावर घागर ठेवायची, मग घागर डगमगत नाही. काकीची चुंबळ काल विस्कटली होती. नवी करायची तर मूठभर पेंढा हवा. आणि पेंढा होता म्हशीपुढे. म्हैस काकीचीच. पण आज ती कुणाला जवळ येऊ देत नव्हती. काकी गेली की शिंगं उगारत होती.

टिचकी म्हणाली, मी जाते.

काकी तिच्याकडे बघत राहिली. म्हैस केवढी, ही केवढी. पण टिचकी तोवर गेलीसुद्धा.

बोटं किती उघडी? तीन. काकीची भीती म्हणून एक मिटा. किती उरली? दोन.

टिचकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. ओढ्याच्या काठी गोठा. गोठ्यात म्हैस. काळी काळी, मोठी मोठी. नाव तिचं ढगी. ती श्वास सोडायची, फुस्स. टिचकीच्या मिशा उडायच्या, भुर्र.

"म्हशी म्हशी, पेंढी सोड.
कावळा दाणा देईना,
शेवगा फांदी हलवीना,
काकी घागर उचलीना,
आणि टिचकी गप्प बसेना."

ढगी म्हशीपुढे होत्या पेंढ्या. पेंढी म्हणजे पेंढ्याची बांधलेली जुडी. किती? दोन.

म्हैस म्हणाली, "माझ्या पेंढ्या दोन. एक सोडली की वाऱ्याने उडेल. एक उरेल. मी नाही सोडणार. एवढासा जीव तुझा. पायाखाली येशील, बाजूला हो."

टिचकी बाजूला झाली नाही. ती म्हशीच्या खुरापुढे उभी राहिली. खूर होता टिचकीच्या चौपट.

टिचकी म्हणाली, "जीव एवढासा, पण दाणा माझा."

म्हशीने पाय उचलला. टिचकी हलली नाही.  म्हशीने पाय हळूच दुसरीकडे ठेवला.

मग म्हैस जरा मऊ झाली. म्हणाली, माझ्या रागाचं कारण वेगळंच आहे. कानामागे बघ. टिचकी तिच्या पायावरून चढली, पाठीवरून चालली, कानामागे पोचली. तिथे चिकटली होती जळू. काळी, गुळगुळीत. म्हशीचं रक्त पीत होती. म्हशीला पहाटेपासून ठणकत होतं.

टिचकीने जळू पंजांनी धरली. सुळ्ळ, निसटली. दातांनी धरली. सुळ्ळ, निसटली. टिचकीच्या हाताला ती येईना.

म्हैस म्हणाली, ही जळू काढ, मग पेंढी सोडते. जळू काढणारा एकच आहे. ओढ्यातला खेकडा.

बोटं किती उघडी? दोन. म्हशीची भीती म्हणून एक मिटा. किती उरली? एकच.

टिचकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. पण आता पाय दुखत होते. नाक दुखत होतं. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. दुपार झाली की कावळा दाणा खाणार. टिचकीला ते ठाऊक होतं. ती आणखी जोरात पळाली.

ओढ्यात होता दगड. दगडाखाली होतं ओलं ओलं घर. घरात होता खेकडा. डोळे बाहेर आले, टुक टुक. मग पाय बाहेर आले. मग नांगी बाहेर आली. एक. टिचकी वाट बघत राहिली. दुसरी काही येईना. दुसरी नव्हतीच.

टिचकीने श्वास घेतला आणि सांगायला लागली.

"खेकड्या खेकड्या, जळू काढ.
कावळा दाणा देईना,
शेवगा फांदी हलवीना,
काकी घागर उचलीना,
म्हैस पेंढी सोडीना,
आणि टिचकी गप्प बसेना."

खेकडा म्हणाला, "माझी नांगी एक."

 पुढे काय येणार ते टिचकीला पाठ झालं होतं.

खेकडा म्हणाला, "ही म्हशीच्या अंगाखाली सापडली तर मोडेल. एकातून एक गेली की काय उरेल?"

टिचकीने मनात मोजलं. चारातून एक, तीन. तीनातून एक, दोन. दोनातून एक, एक. एकातून एक? तिने पुन्हा मोजलं. मोजायला काही उरतच नव्हतं.

"काहीच नाही," ती म्हणाली.

"त्याला म्हणतात शून्य," खेकडा म्हणाला.

तुमचं शेवटचं बोट मिटा. एकातून एक गेलं. उरलं शून्य. हाताची काय झाली? मूठ. ती मूठ तशीच घट्ट धरा.

टिचकीने पुढे पाहिलं. पुढे होतं पाणी. पाण्याच्या पलीकडे काय, तिला दिसत नव्हतं. आता कुणाकडे जायचं? विचारायला कुणी उरलं नव्हतं. पहिल्यांदाच टिचकीचे डोळे भरून आले. तिने पंजाने डोळे पुसले आणि पुन्हा म्हणाली, हळू आवाजात, पण म्हणाली, "जीव एवढासा, पण दाणा माझा."

खेकडा तिच्याकडे बघत राहिला. टुक टुक.

मग खेकडा बोलला. "माझ्या नांग्या होत्या दोन. वरून दगड पडला. एक गेली. सगळे म्हणाले, एक आहे ना, एक पुष्कळ झाली. मी गप्प बसलो." तो दगडाखालून पुरता बाहेर आला. "तू बसली नाहीस. चल."

खेकडा चालायला लागला. तिरपा तिरपा, तिरपा तिरपा. टिचकी त्याच्या शेजारून. तुरु तुरु, तुरु तुरु.

दोघं गोठ्यात आली. ढगी म्हशीने मान खाली केली. पार जमिनीपर्यंत केली. एवढी मोठी म्हैस, पण अगदी हलली नाही. श्वाससुद्धा हळू घेतला. खेकडा कानामागे गेला. नांगी उघडली. जळू पकडली. टिचकीने डोळे गच्च मिटले.

कट्ट.

जळू खाली पडली. टप्प.

टिचकीने डोळे उघडले. आधी नांगीकडे पाहिलं. नांगी जागच्या जागी होती. एकातून एकही गेली नव्हती. एकच्या एकच उरली होती. खेकड्याने ती वर धरली आणि उन्हात फिरवून बघितली.

खेकडा आला. एक बोट उघडा.

म्हशीला बरं वाटलं. तिने कान हलवला, फट फट. आणि तोंडाने पेंढी सोडली. पेंढा वाऱ्याने उडाला का? थोडा उडाला. पण मूठभर टिचकीने ओढला. एक काडी तोंडात धरायची, आडापाशी न्यायची, परत यायचं. तुरु तुरु जायचं, तुरु तुरु यायचं. शेवटी येसूकाकीलाच राहवलं नाही. तीच गोठ्यात आली. म्हशीने शिंगं उगारली नाहीत. काकीने पेंढा घेतला.

म्हैस आली. दुसरं बोट उघडा.

काकीने पेंढा पिळला. गोल गोल गुंडाळला. चुंबळ झाली. चुंबळ डोक्यावर, घागर चुंबळीवर. काकी उठली. बांगड्या वाजल्या, किण किण किण. टिचकीने मोजल्या. तीन होत्या. तीनातून एकही गेली नाही, तीनच्या तीन उरल्या.

काकी आली. तिसरं बोट उघडा.

काकी पुढे, टिचकी मागे. टिचकी सारखी वर बघत होती. शेंड्यावर कावळा उठून उभा राहिला होता. पंख झाडत होता. त्याला भूक लागली होती. त्याने चोच खाली केली.

काकीने घागर शेवग्याच्या मुळाशी ओतली. बुडबुड, बुडबुड.

मुळांनी पाणी ओढलं. सुर्र, सुर्र.

टिचकी बुंध्याशी उभी राहिली आणि जेवढा आवाज होता तेवढा सगळा लावून म्हणाली,

"खेकड्याने जळू काढली,
म्हशीने पेंढी सोडली,
काकीने घागर उचलली,
शेवग्या, आता फांदी हलव,
कारण टिचकी गप्प बसेना."

शेवगा घाबरत घाबरत हलला. आधी थोडा, मग पुष्कळ. सळ सळ, सळ सळ. एक शेंग पडली. पडलीच. चारातून एक गेली, तीन उरल्या. शेवग्याने खाली पाहिलं. वाईट वाटलं त्याला. येसूकाकीने शेंग उचलली. म्हणाली, आज आमटीत घालते, चांगली कोवळी आहे. मग तिने उरलेलं थेंबभर पाणीही मुळाशी झाडलं. शेवगा म्हणाला, बरं, तीन तर तीन. आणि आणखी जोरात हलला.

शेवगा आला. चौथं बोट उघडा.

सळ सळ सळ. फांदी इकडे, फांदी तिकडे. कावळ्याचा एक पाय सुटला. दुसरा पाय सुटला. पंख पसरले, फड फड फड. दाणा निसटला. या फांदीवर, टक. त्या फांदीवर, टक. खाली, टप्प.

टिचकीच्या पुढ्यात.

टिचकीने दाणा उचलला. दोन्ही पंजांत घट्ट धरला. पाचवं बोट उघडा.

ती घरी आली. तुरु तुरु, तुरु तुरु. दाराशी भावंडं बसली होती. चार दाणे तसेच होते. आईने कुणाला हात लावू दिला नव्हता. आणि खरं सांगायचं तर कुणी लावलाही नव्हता. टिचकी नसताना गोड लागलं नसतं, असं एक बहीण म्हणाली.  थोरला भाऊ सरकला आणि उन्हातली ऊबदार जागा त्याने टिचकीला दिली.

टिचकीने दाणा ओळीत ठेवला. आईने मोजलं. मग भावंडांनी मोजलं. मग टिचकीने मोजलं, सगळ्यांत सावकाश.

प्रत्येकाने एक उचलला. पाचातून पाच गेले. ओळीत उरलं शून्य. पण या शून्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही.

इतक्यात सावली पडली. कावळा भिंतीवर येऊन बसला. पिसं विस्कटलेली, पोट रिकामं. आता त्याने झडप घातली नाही. आता तो गोड बोलला. शेंगदाण्याला दोन पाकळ्या असतात म्हणाला. एक तुला, एक मला. एवढासा जीव तुझा, अर्धा पुष्कळ झाला.

आईने टिचकीकडे पाहिलं. भावंडांनी टिचकीकडे पाहिलं. सगळे थांबले. द्यायचा की नाही, ते टिचकीने ठरवायचं होतं.

टिचकी दोन पायांवर उभी राहिली. अंगठ्याएवढी. कावळ्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "नाही. आज नाही."

आणि तिने दाणा तोंडात घातला. एक पाकळी, कुडुम कुडुम. दुसरी पाकळी, कुडुम कुडुम. सावकाश चावला. सगळा खाल्ला. कावळा बघत राहिला आणि टिचकीने मिशा पुसल्या.

पोटं भरली पाच, फोलपटं गेली वाऱ्यावर,
गोष्ट आमची पोचली, टिचकीच्या ढेकरावर.